पीस आणि शेपूट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचे नाव आपणा सर्वांच्या मनात आहेच; म्हणून त्याचा पुनरुच्चार न करता, त्यांनी मला शिकविलेला एकच धडा, जो त्या दिवशी अर्ध्या तासात आटोपला परंतु ज्याच्या मागोमाग मी पुढे जन्मभर चालत राहिलो, तो आज आपणापुढे विस्ताराने मांडावा असे मी योजिले आहे. इंग्रजीच्या तासाला त्यांनी फळ्यावर ‘पेन’ आणि ‘पेन्सिल’ हे दोन शब्द एकाखाली एक लिहिले आणि या दोहोंचे नाते काय, असे विचारले. मी हात वर करून सांगितले की, वाटीची जशी वाटुली तशी पेनाची पेन्सिल. पेन्सिल म्हणजे लहान पेन. वर्गातील सर्वांना ते उत्तर पटले होते, आणि मला वाटते, या सभागृहातील अनेकांना आजही ते पटेल. गुरुजींनी मात्र खडू खाली ठेवला आणि ते म्हणाले, “व्याकरण बरोबर, कूळ चुकले.” मग त्यांनी शाळेच्या कपाटातून स्कीट यांचा इंग्रजी व्युत्पत्तिकोश काढला, माझ्या हाती दिला, आणि ज्यातील निम्मी अक्षरेही मला लागत नव्हती असे ते पान माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले.

त्या चार शब्दांच्या निकालात किती मोठे शास्त्र सामावले होते हे समजायला मला फार काळ लागला. दोन शब्द दिसायला सारखे, कामाने सारखे, एकाच कंपासपेटीत शेजारी शेजारी निजणारे. त्यांना भावंडे न मानणे हेच मनाला जड जाते. परंतु वतनाच्या तंट्यात एखादा इसम गोतसभेपुढे उभा राहून ‘माझा चेहरा मूळ वतनदारासारखा आहे’ एवढेच सांगू लागला, तर त्याच्या नावे महजर होत नसे; वंशावळ पाहावी लागे, जुने कागद दप्तरातून काढावे लागत, शेजारच्या गावचे पाटील-कुळकर्णी साक्षीस बोलवावे लागत, आणि मगच निवाड्यावर शिक्कामोर्तब होई. शब्दांच्या बाबतीतही कान आणि डोळा हे फिर्यादी होऊ शकतात. न्यायाधीश होऊ शकत नाहीत. या रीतीने आपण दोन्ही शब्दांची कैफियत ऐकू.

प्रथम ‘पेन’. हा शब्द इंग्रजीत नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या वाटेने आला आणि फ्रेंचने तो लॅटिनकडून घेतला. लॅटिनमध्ये ‘पेन्ना’ म्हणजे पक्ष्याचे पीस. युरोपात हंसजातीय पक्ष्यांच्या, विशेषतः पाळीव हंसांच्या, पंखांतील लांब पिसांची लेखणी करीत, आणि ती बाराशे वर्षांहून अधिक काळ त्या खंडातील राजांची, धर्मगुरूंची, व्यापाऱ्यांची आणि कवींची लेखणी होती. सेव्हिलचा बिशप इसिडोर, जो 636 मध्ये निवर्तला, त्याने आपल्या विश्वकोशवजा ग्रंथात लेखकाच्या दोन साधनांची नोंद केली आहे: एक वनस्पतीपासून मिळणारा बोरू आणि दुसरे पक्ष्यापासून मिळणारे पीस. पिसाचे टोक दुभंगलेले असते हेही त्याने टिपले आहे, आणि त्या दोन फाळक्यांत त्याला ख्रिस्ती धर्माचे जुना व नवा असे दोन करार दिसले आहेत.

ते टोक दुभंगावे कसे, हे ज्याने हाताने केले आहे त्यालाच नीट कळेल. गुरुजींच्या घरी मोडी कागदांचे एक बासन होते आणि त्या अक्षरांची नक्कल करण्यासाठी ते स्वतः बोरू तासत. ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. बोरूची वाळलेली, तपकिरी कांडी डाव्या हाताच्या बोटांवर आडवी धरून ते चाकूने एक लांब तिरका छेद घेत. आतील भेंडासारखा पांढरा गर नखाने खरवडून काढीत. मग टोकाच्या मधोमध चाकूची धार हलकेच दाबून एक बारीक चीर पाडीत, इतकी बारीक की ती डोळ्यांना दिसण्याआधी कानाला ऐकू येई. आणि शेवटी टोक अंगठ्याच्या नखावर ठेवून एका दाबात आडवा काप घेत. त्या चिरेतून शाई उतरते, आणि त्या आडव्या कापाच्या रुंदीवर अक्षराची जाडी-बारकाई ठरते. युरोपातील लेखक पिसाचे देठ गरम वाळूत कडक करून घेत आणि मग त्यावर हेच संस्कार करीत. त्यासाठी जो लहान चाकू खिशात बाळगीत त्याला इंग्रजीत ‘पेननाइफ’ म्हणतात. पिसे गेली, आणि ज्यांनी आयुष्यात पीस तासले नाही अशांच्या खिशांत तो चाकू तेच नाव धरून राहिला. पुढे बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबा आल्या, ज्यांना आपण टाक म्हणून दौतीत बुडवीत असू. मग शाई पोटात बाळगणारी झरणी आली. मग टोकावर गोळी फिरणारे पेन आले. पीस केव्हाच उडून गेले होते, तरी प्रत्येक नव्या यंत्राने ‘पीस’ हेच नाव आनंदाने धारण केले. फ्रेंचमध्ये लेखणीला ‘प्लूम’ आणि जर्मनमध्ये ‘फेडर’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ पीसच.

आता या पिसाचे गोत पाहू, आणि येथे माझे मराठी श्रोते थोडे सावरून बसतील अशी मला आशा आहे, कारण हे गोत आपल्या उंबऱ्याच्या आत येते. लॅटिन ‘पेन्ना’ ज्या मूळ इंडो-युरोपीय धातूपासून निघाला तो ‘पेत्’, म्हणजे उडणे, झेपावणे, कोसळणे. संस्कृतात हाच धातू ‘पत्’. पक्षी उडतो तेही पतन आणि फळ गळते तेही पतन. आज मराठीत ‘पतन’ म्हटले की आपल्याला केवळ अधोगती दिसते. पण ‘पतंग’ या शब्दात उड्डाणाचा अर्थ अजून शाबूत आहे, मग तो दिव्यावर झेप घेणारा कीटक असो की संक्रांतीच्या आभाळातला कागद. याच ‘पत्’ धातूपासून ‘पत्र’ हा शब्द झाला आणि त्याचा आद्य अर्थ पंख, पीस. अमरकोशात पंखाचे जे पर्याय दिले आहेत त्यांत ‘पत्र’ आणि ‘पतत्र’ हे दोन्ही आहेत. ‘पत्री’ म्हणजे पक्षी, आणि ज्याच्या बुडाशी पिसे बांधलेली असतात तो बाणही ‘पत्री’. पंखासारखे पसरलेले, वाऱ्याने हलणारे, अखेर गळून तरंगत खाली येणारे म्हणून झाडाचे पानही ‘पत्र’. त्या पानावर, भूर्जाच्या सालीवर किंवा ताडाच्या पानावर लिहीत म्हणून लिहिलेला मजकूर ‘पत्र’. आणि त्यापासून आपली पत्रिका, पत्रावळ, गणपतीला वाहायची पत्री, छपरावरचा पत्रा आणि सकाळी दारात पडणारे वर्तमानपत्र. तेव्हा हे पाहा: रोमच्या दिशेला गेलेल्या शाखेने पिसापासून लेखणीचे नाव घेतले आणि आपल्याकडे आलेल्या शाखेने त्याच कुळातील पिसापासून, ज्यावर लिहायचे त्या वस्तूचे नाव घेतले. आपण पेनाने पत्र लिहितो तेव्हा हजारो वर्षांपूर्वी दुरावलेली दोन भावंडे एकमेकांना स्पर्श करीत असतात. मी हे प्रथम समजून घेतले तेव्हा हातातील टाक खाली ठेवून बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

हे नाते कानाने कधीच ओळखले नसते. ते ओळखता आले ते ध्वनिनियमांमुळे. 2 फेब्रुवारी 1786 रोजी सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच, कदाचित आता लुप्त झालेल्या मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असे प्रतिपादन केले. पुढे डेन्मार्कमध्ये रास्क यांनी 1818 मध्ये आणि जर्मनीत याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये हे दाखवून दिले की, इंग्रजी-जर्मन या शाखेत मूळचा ‘प’ नियमाने ‘फ’ होतो आणि ‘त’चा उच्चार दातांवर जीभ घासून केलेल्या ‘थ’कडे सरकतो. ‘पितृ’चा ‘फादर’, ‘पद’चा ‘फुट’, ‘त्रि’चा ‘थ्री’. याच नियमाने आपल्या ‘पत्र’शी जुळणारा अस्सल इंग्रजी शब्द कोणता असावा, याचे गणित मांडले तर उत्तर येते ‘फेदर’, म्हणजे पीस. म्हणजे इंग्रजीत ‘फेदर’ आणि ‘पेन’ या सख्ख्या चुलत बहिणी आहेत: एक घरीच वाढली आणि तिचा ‘प’ बदलून ‘फ’ झाला, दुसरी रोमला नांदत होती, ती फार उशिरा माहेरच्या गोतात परत आली, आणि आपला ‘प’ तसाच घेऊन आली. ग्रीकमध्ये याच धातूपासून पंखवाचक ‘प्तेरोन’ झाला, जो आज ‘हेलिकॉप्टर’च्या शेवटी बसला आहे, आणि लॅटिनमध्ये ‘एखाद्या गोष्टीवर झेप घेणे, ती मागणे’ या अर्थाचा जो शब्द झाला त्यातून इंग्रजीचा ‘पिटिशन’ आला. कचेरीत अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपल्या हातातील कागद पक्ष्याच्या झेपेच्या गोतातला आहे याची कल्पना नसते.

येथे एका मोहापासून मला स्वतःलाही आवरावे लागले, तेही सांगतो. ‘पत्र’ म्हणजे पंख आणि पान. ‘पर्ण’ म्हणजेही पंख आणि पान, म्हणूनच गरुडाला ‘सुपर्ण’ म्हणतात. अर्थ दोन्ही ठिकाणी हुबेहूब, आद्याक्षर तेच. मग हे दोन्ही एकच असे म्हणायला काय हरकत आहे? हरकत अशी की, धातू वेगळे आहेत. ‘पर्ण’चा इंग्रजी नातेवाईक ‘फर्न’, म्हणजे नेचा, ‘फेदर’ नव्हे. मराठीने ‘पर्ण’चे ‘पान’ केले, आणि म्हणून पुस्तकाचे पान हे सुपर्णाच्या घराण्यातले आहे, पेनाच्या नव्हे. शिवाय ‘मद्यपान’ शब्दातील ‘पान’ हे तिसरेच, ‘पा’ म्हणजे पिणे या धातूचे. आणि ‘पात्र’ हेही मुळात पिण्याचे साधन, त्याचा ‘पत्र’शी काहीएक संबंध नाही. आपल्याच घरात एकमेकांसारखे दिसणारे इतके परके लोक नांदत असताना इंग्रजीच्या घरातील दोघांविषयी आपण एका नजरेत निकाल देतो, ही घाई आहे.

आता ‘पेन्सिल’. हिची कैफियत सुरू होते ती थोड्या संकोचाने. लॅटिनमध्ये शेपटीला एक जुना शब्द होता. पुढे तो शब्द पुरुषाच्या गुह्येंद्रियाला लावला जाऊ लागला आणि सभ्य संभाषणातून हद्दपार झाला. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. रोमचा थोर वक्ता सिसेरो याने पीटस नावाच्या मित्राला लिहिलेल्या एका पत्रात, शब्दांच्या शिष्टाशिष्टतेची चर्चा करताना, हे स्पष्ट नोंदले आहे: पूर्वीचे लोक शेपटीला तो शब्द सरळ वापरीत, आणि शेपटीशी साम्य असल्यामुळेच कुंचल्याला ‘पेनिकिल्लुस’ हे नाव मिळाले, परंतु आता मूळ शब्द अश्लील गणला जातो. व्युत्पत्तीच्या न्यायालयात इतका जुना, इतका विश्वसनीय आणि इतका निःसंकोच साक्षीदार क्वचितच मिळतो. एक शब्द बदनाम झाला, पण त्याची नातवंडे सन्मानाने जगली. आपल्या भाषेतही असे झाले आहे आणि त्याची उदाहरणे आपापल्या मनात येतीलच.

मूळ शब्दाला लॅटिनने लघुत्वदर्शक प्रत्यय लावून ‘पेनिकुलुस’ केला, म्हणजे लहान शेपटी, आणि तिचा अर्थ झाडण्या-पुसण्याचा कुंचा. सिसेरोच्या दीडएकशे वर्षे आधी होऊन गेलेल्या प्लाउटुस या नाटककाराच्या ‘मेनैख्मी’ या प्रहसनात एका खादाड आश्रिताचे नावच पेनिकुलुस आहे, आणि तो रंगमंचावर येताच खुलासा करतो की, मी जेवायला बसलो की मेज पुसल्यासारखे स्वच्छ करतो म्हणून तरुणांनी मला हे नाव ठेवले. या कुंच्याचे आणखी लहान रूप ‘पेनिकिल्लुस’, म्हणजे चित्रकाराचा केसांचा कुंचला. मराठीत सांगायचे तर शेपूट, तिची शेपटी, आणि त्या शेपटीची शेपटुली. माझे बालपणीचे उत्तर या ठिकाणी आठवावे. पेन्सिल हे कोणाचे तरी लहान रूप आहे हा माझा तर्क खरा होता, किंबहुना ते दोनदा लहान केलेले रूप आहे. पण ते पिसाचे नव्हे, शेपटीचे. व्याकरण बरोबर, कूळ चुकले.

हे नाव कल्पनेतून निघालेले नाही. कुंचला खरोखरच शेपटीच्या केसांचा करीत आणि आजही करतात. आपल्या लघुचित्रांच्या परंपरेत खारीच्या शेपटीचे केस वेचून, एकेक केस दोऱ्याने बांधून, इतके सूक्ष्म टोक साधतात की चित्रातील पापणीचा एकेक केस वेगळा दिसावा. जुन्या फ्रेंचने ‘पेनिकिल्लुस’चे संक्षिप्त रूप केले, आजच्या फ्रेंचमध्ये ते ‘पँसो’ असे ऐकू येते आणि त्याचा अर्थ अजूनही कुंचलाच आहे. इंग्रजीतही चौदाव्या शतकात चॉसरने ‘नाइट्स टेल’मध्ये युद्धदेवतेच्या मंदिरातील भित्तिचित्रांचे वर्णन करताना हा शब्द कुंचल्याच्याच अर्थाने वापरला आहे, आणि पुढेही कित्येक शतके इंग्रज चित्रकार ‘पेन्सिल’ म्हणत तेव्हा त्यांच्या हातात कुंचला असे. जुन्या इंग्रजी ग्रंथांत एखाद्या चित्रकाराच्या ‘पेन्सिलीची’ स्तुती आली की आपले विद्यार्थी त्याला शिसपेन्सिलीने चित्र काढणारा समजतात. ही गफलत मी स्वतः एका परीक्षेत केली आहे.

मग कुंचल्याचे नाव लाकडातल्या काळ्या कांडीला कसे गेले? सोळाव्या शतकात इंग्लंडच्या कंबरलंड परगण्यातील बरोडेल येथे एक काळा, मऊ, बोटांना तुळतुळीत लागणारा खनिज पदार्थ सापडला. धनगर त्याने मेंढरांवर खुणा करीत. तो हाती घेणाऱ्याचे बोट काळे करी आणि कागदावर असा ठसा उमटवी की जो पाण्याने पुसत नसे. त्याचे चौकोनी तुकडे कापून लाकडात किंवा दोऱ्याच्या वेढ्यात बसवू लागले. झुरिकच्या कोनराड गेस्नर याने 1565 मध्ये खनिजांवरील आपल्या ग्रंथात अशा लेखनसाधनाचे चित्रही छापले आहे. चित्रकार हेच साधन रेखाटनासाठी वापरू लागले. कुंचल्याची जागा कोरड्या कुंचल्याने घेतली, आणि नाव तेच राहिले. बरोडेलची खाण पुढे इतकी मोलाची झाली की 1752 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तेथील चोरीला कठोर शिक्षेचा कायदा केला, कारण तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लेप देण्यासाठीही हाच पदार्थ लागत असे. फ्रान्सची इंग्लंडशी लढाई जुंपून हा माल बंद झाला तेव्हा निकोला-झाक कोंते याने हलक्या प्रतीच्या खनिजाची पूड मातीत मिसळून, कांड्या वळून, भट्टीत भाजण्याची कृती शोधली आणि 1795 मध्ये तिचे पेटंट घेतले. मातीचे प्रमाण वाढविले की कांडी कठीण, कमी केले की मऊ. आज आपल्या पेन्सिलीवर जी अक्षरे छापलेली असतात ती या प्रमाणाचीच खूण.

त्या काळी हा पदार्थ शिशाचाच एक प्रकार समजला गेला. म्हणून इंग्रजीत त्याला ‘काळे शिसे’ म्हटले, जर्मनांनी पेन्सिलीला ‘ब्लायश्टिफ्ट’ म्हणजे शिशाची कांडी म्हटले, आणि आपण शिसपेन्सिल म्हटले. 1779 मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की यात शिशाचा अंशही नाही, हा कोळशाच्याच जातीचा कार्बन आहे; आणि 1789 मध्ये व्हेर्नर याने त्याला ग्रीकमधील ‘लिहिणे’ या क्रियापदावरून ‘ग्राफाइट’ हे नाव दिले. म्हणजे आपल्या ‘शिसपेन्सिल’ या शब्दाचा पूर्वार्ध शिसे नाही आणि उत्तरार्ध कुंचला नाही. तरीही हा शब्द टाकून द्यावा असे मी मुळीच म्हणणार नाही. मराठी शाळेत पूर्वी नुसती ‘पेन्सिल’ म्हणजे पाटीवरची, दगडाची असे. तिच्यापासून कागदावरचीला वेगळे करण्यासाठी आपल्या लोकांनी ‘शिस’ जोडले, आणि हे काम त्या शब्दाने दोन-तीन पिढ्या चोख बजाविले. नाव हे वस्तूचे पृथक्करण नसते. लोकांना जी निवड करायची असते ती त्याने करून दिली की त्याचे काम झाले.

या शेपटीचे आणखी एक नातवंड पुण्याजवळ राहायला आले आहे. 1809 मध्ये लिंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला शिळ्या अन्नावर येणाऱ्या एका बुरशीच्या बीजकणांच्या शाखा सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारख्या दिसल्या, म्हणून त्याने तिला ‘पेनिसिलियम’ म्हटले. 1928 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना त्याच बुरशीने जंतूंची वाढ रोखलेली दिसली, आणि तिच्या द्रवाला त्यांनी ‘पेनिसिलिन’ हे नाव दिले. आपल्या देशात हे औषध तयार करण्यासाठी 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षी उत्पादन सुरू झाले. पेन्सिल आणि पेनिसिलिन ही सख्खी भावंडे आहेत. पेन हे त्या घरातले कोणीच नाही.

आपल्याकडे ‘कलम’ या शब्दाने नेमका उलटा प्रवास केला आहे. ग्रीकमध्ये ‘कालामोस’ म्हणजे बोरूसारखी पोकळ वेतकांडी. तो शब्द अरबीत ‘कलम’ झाला आणि फारसीच्या स्वारीबरोबर दख्खनेत उतरला. तो मुळात लेखणी. पण मुसव्विर, म्हणजे चित्रकार, आपल्या कुंचल्यालाही कलम म्हणू लागला, आणि म्हणून चित्रशैलीला ‘पहाडी कलम’, ‘दख्खनी कलम’ अशी नावे पडली. इंग्रजीत कुंचल्याचे नाव लिहिण्याच्या कांडीला गेले. हिंदुस्थानात लिहिण्याच्या कांडीचे नाव कुंचल्याला गेले. मराठीने त्यावर आणखी कळस चढविला: कायद्याचे कलम, आंब्याचे कलम, आणि कागदावर माणसाचा गळा कापणारा कलमकसाई.

दिसण्याच्या ओढीने शब्द फसतात तसे कधीकधी खरोखरच वळतातही, हे मला ‘लिपी’ या शब्दाने शिकविले. ‘लिप्’ म्हणजे माखणे, लेप देणे, म्हणून शाईने माखलेली ती लिपी, असे आपण सहज म्हणतो. पण अशोकाच्या शाहबाझगढी आणि मानसेहरा येथील शिलालेखांत याच जागी ‘दिपि’ असा शब्द आहे, आणि जुन्या इराणी सम्राटांच्या लेखांत लेखाला ‘दिपि’च म्हटले आहे. अनेक विद्वानांचे मत असे की, शब्द इराणकडून आला आणि ‘लिप्’ धातूच्या साम्याने त्याचा ‘द’ बदलून ‘ल’ झाला. त्याच इराणी ‘दिपि’पासून लेखक या अर्थाचा ‘दबीर’ झाला, जो शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत ‘डबीर’ या हुद्द्याने होता आणि ज्याला राज्याभिषेकाच्या वेळी ‘सुमंत’ म्हणू लागले. डबीर आणि लिपी एका घरचे आहेत हे कोणाच्या कानाने सांगितले असते?

यास्काचार्यांनी निरुक्तात नैरुक्ताला सवलत दिली आहे की, दुसरा मार्गच न उरला तर एखाद्या अक्षराच्या साम्यावरूनही निर्वचन करावे, पण निर्वचन केल्यावाचून राहू नये. इसिडोर बिशपानेही ‘पेन्ना’चा संबंध लोंबकळणे या अर्थाच्या शब्दाशी अक्षरसाम्यावरूनच जोडला होता. या दोघांविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे, कारण त्यांनी प्रश्न विचारला. त्यांच्यापाशी जे साधन नव्हते ते आज आपल्यापाशी आहे, आणि 1946 मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध झाल्यापासून मराठी घरातही पहिली चौकशी कोठे करावी हे ठरलेले आहे. जेथे जेथे शाळा आहे तेथे असा एक कोश कपाटात नव्हे, मेजावर असावा, आणि मुलाने चुकीचे पण विचारपूर्वक उत्तर दिले तर तो त्याच्या हातात द्यावा, एवढी मागणी मी या व्यासपीठावरून करतो.

गुरुजींचे मला आलेले शेवटचे पत्र एक पोस्टकार्ड होते. त्यांचा हात तेव्हा कापत असे आणि दौतीत टाक बुडविणे त्यांना जमत नव्हते; म्हणून सर्व मजकूर शिसपेन्सिलीने लिहिलेला होता, परंतु वडीलधाऱ्यांनी पेन्सिलीने सही करू नये या जुन्या रिवाजाला धरून, खाली सही तेवढी टाकाने केली होती. कार्ड वाटेत पावसात भिजले. शाई फुटून सहीच्या जागी एक निळसर डाग उरला आहे. पेन्सिलीची अक्षरे मात्र आजही, वेलांटी न् मात्रा, जशीच्या तशी वाचता येतात.